न उचललेला घास

"काल भाकरी परत. आज सकाळी च्या परत. आता आंबं पिळा म्हनं, परत यायला."

गहिनीनाथ हे कुणाला उद्देशून बोलत नव्हता. चुलीतल्या लाकडाला बोलत होता, आणि बाभूळ हिरवी तोडलेली असल्यामुळे लाकूडही नुसतं फुसफुसत होतं. सुनीती त्याच्यापासून हातभर अंतरावर पुऱ्यांची कणीक मळत बसली होती. एवढ्या जवळून ऐकलेलं ऐकलंच नाही असं दाखवणं तिला इतक्या वर्षांच्या संसारात चांगलं जमू लागलं होतं. तिने कणकेला आणखी दोन बुक्क्या मारल्या.

"काही म्हणालात?"

"म्या? न्हाई वैनी. लाकूड वल्लं हाय म्हनलं."

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नगरहून कोल्हारला यायचं, वडिलांच्या, आप्पांच्या नावाने पाण्याची घागर द्यायची, पितरांना नैवेद्य दाखवून मोसमातला पहिला आंबा खायचा, हे सुनीतीच्या नवऱ्याचं, विष्णुपंतांचं ठरलेलं. कोर्टात शिरस्तेदारी करणाऱ्या माणसाला घरातही शिरस्ता लागतो. यंदाही ते बायकोला आणि लेकीला घेऊन काल सर्व्हिस मोटारीने उतरले, आणि उतरल्या उतरल्या त्यांना कळलं की धाकटे बंधुराज जेवत नाहीत.

जेवत नाहीत म्हणजे ताट भिरकावून वगैरे नव्हे. शामकांत रागावलेला कुणी कधी पाहिलाच नव्हता. "मला भूक नाही," एवढंच तो म्हणायचा, तेही मऊ आवाजात, आणि वर "तुम्ही घ्या ना जेवून" असा आग्रह करायचा. मग ज्याच्यासाठी हे चाललेलं असे त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. तो माणूस दर वेळी गहिनीनाथच असे.

या खेपेचं कारणही लगेच कळलं, कारण ते ओसरीवर पाय लांब करून बसलेलंच होतं. गहिनीनाथची थोरली बहीण, गोजरबाई. पाथर्डीकडच्या कोरड्या रानातून ती भावाला न्यायला आली होती. तिच्या नवऱ्याचा पाय मोडला होता. मिरगाच्या आत रान तयार करायचं, बाजरी पेरायची, ती घरात येईपर्यंत भावाने राहायचं, अशी तिची मागणी. गहिनीनाथ तिला "येतो आक्का" म्हणाला होता, आणि त्याच संध्याकाळी शामकांतची भूक गेली होती.

गावात बघणाऱ्याला उलटंच वाटे. गहिनीनाथ पैलवानी अंगाचा, आवाज पाटाच्या पलीकडे जाईल असा. "मास्तर, टोपी घाला. मास्तर, उन्हात हुबं राहू नका." शामकांत मास्तर आपले हसून टोपी घालायचे. मराठ्याच्या गड्याने बामणाला मुठीत ठेवलंय, असं पारावर सर्रास बोललं जाई. पण सुनीतीला दर वर्षी आखितीला येऊन जाऊन एक दिसत गेलं होतं. टोपी कधी घालायची हे गहिनीनाथ ठरवायचा. गहिनीनाथने तालमीत जायचं की नाही, मढीच्या जत्रेला जायचं की नाही, कुणाच्या बैठकीत किती वेळ बसायचं, हे मात्र शामकांतच्या डोकेदुखीवर ठरायचं. तालीम सुटली होती. मढीच्या अर्ध्या वाटेवरून तो एकदा परत फिरला होता, मास्तरला ताप भरल्याचा निरोप आला म्हणून. ताप खरंच भरला होता, हीच तर गंमत. शामकांत खोटं आजारपण कधी काढत नसे.

नगरची शाळेतली नोकरी सोडून शामकांत पाटाखालची ही वडिलांची जमीन बघायला आला, तेव्हा मोसंबीचे खड्डे खणायला आलेल्या माणसांत गहिनीनाथ होता. खड्डे झाले, बाकीचे गेले, तो राहिला. पहिल्या आखितीला विष्णुपंतांनी त्याचं पान ओसरीवर वेगळं मांडायला सांगितलं. शामकांतने आपलं पान उचललं आणि ओसरीवर जाऊन त्याच्या शेजारी बसला. मागून छोटी लीना गेली, काका जातो तिकडे जायचं म्हणून. मग लीनाला भरवायला सुनीती. आतल्या घरात विष्णुपंत आणि देव एवढेच उरले, आणि देव काही बोलणारे नव्हते. तेव्हापासून पंगत ओसरीवरच बसे, बाया-माणसं एकाच ओळीत. कोल्हारला सगळं चालतं, असं विष्णुपंत म्हणायचे. म्हणजे नगरला सांगायचं नाही.

कणीक झाकून सुनीती मागल्या पडवीत आली. गोजरबाई आंबे पिळत बसली होती, कोपरापर्यंत पिवळी.

"तुमचं मास्तर जेवत न्हाईत ते माज्या पायी," ती मान वर न करता म्हणाली.

"तसं काही नाही हो."

"तसंच हाय. म्या काय खुळी हाय व्हय?" तिने कोय पिळून पाटीत टाकली. "कारभारी मोटंवर हुतं. नाडा तुटला, बैल म्होरं पळालं आन् ह्ये खाली. आता काठी घिऊन बसत्यात दारात आन् कोंबड्यांवर वराडत्यात. पोरं अजून नांगराच्या उंचीची न्हाईत. रान पडीक ऱ्हायलं तर आमी वरीसभर खायाचं काय? भावाला न्हाई इचारायचं तर कुनाला इचारू, तुमीच सांगा."

सुनीती पदर खोचून तिच्या समोर बसली आणि तिने एक आंबा मऊ करायला घेतला. जरा वेळाने म्हणाली, "मागच्या खेपेला गहिनीनाथ आले होते तेव्हा तुम्ही त्यांच्यासाठी मुलगी बघितली होती म्हणे."

"बगितली हुती की. चांगली हुती. ह्यो दोन दिस बसला गप. तिसऱ्या दिशी म्हनतो, आक्का, मास्तरला दिवं लागल्यावर नीट दिसत न्हाई, कंदिलाची वात कोन सारत आसंल?" गोजरबाई हसली. "आता ज्याला पोरगी दावली तर कंदील आठवतो, त्येचं काय करायचं? त्या पोरीचं दिलं म्या दुसरीकडं जमवून. परत न्हाई इषय काढला."

"मग भाऊजींना तसं सांगायचं ना."

"काय म्हनून सांगू?" गोजरबाईने आता मान वर केली. "त्येचं चित्त हितं हाय. मला दिसतंय. तुमाला दिसत न्हाई व्हय वैनी?"

सुनीतीने आंब्याचं देठ काढलं, चीक पिळून टाकला, आंबा पुन्हा एकदा चाचपून पाहिला.

"रसात गूळ आत्ताच घालायचा का?" ती म्हणाली. "साखर तर रेशनवर काही मिळाली नाही."

"घाला," गोजरबाई म्हणाली. तिला उत्तर मिळालं होतं.

शामकांत विहिरीपाशी जांभळीच्या सावलीत बसला होता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर गहिनीनाथची बंडी, हातात सुई. बंडीची गुंडी तो बेताबेताने लावत होता, दोरा दातांनी न तोडता कात्रीने कापत होता. दोन दिवस पोटात काही नसलेल्या माणसाचा हात इतका स्थिर कसा, असं सुनीतीला वाटलं, आणि मग वाटलं, सवय.

"भाऊजी, आमरस केलाय."

"वा. दादाला फार आवडतो."

"तुम्हालाही आवडतो."

"मला भूक नाही, वहिनी. पण माझ्यासाठी कुणी थांबू नये, खरंच."

"गहिनीनाथ काल रात्री जेवले नाहीत."

सुई थांबली. "नाही जेवला?" शामकांतने विचारलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं ते सुनीतीने पाहिलं नसतं तर तिला बरं वाटलं असतं. ते समाधान होतं. लगेच त्याच्या कपाळाला आठी पडली. "अहो, त्याला पित्त होतं. त्याने असं करता कामा नये. निदान दूध तरी घ्यायला सांगा त्याला." आणि तीही काळजी खरी होती. दोन्ही एकाच चेहऱ्यावर एका दमात येऊन गेलं.

हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. माईंचा.

माई, तिच्या सासूबाई, नगरात उपासांसाठी नावाजलेल्या होत्या. सोमवार, शनिवार, प्रदोष, चतुर्थी, आणि जोडीला सुनीतीचा भाऊ तिला न्यायला येई ते दिवस. सुनीतीचं माहेर केडगाव. नगरच्या घरातून टांग्यात बसलं तर सुपारी संपायच्या आत येतं. पण भावाचा टांगा दाराशी लागला की माईंचं अन्न बंद. "जा हो तू. माझं काय, देव आहे मला." मग सुनीती ट्रंकेतली लुगडी पुन्हा दांडीवर टाकी. भाऊ चहा पिऊन परत जाई. ती राहिली की त्याच संध्याकाळी माई जेवत, आणि आपल्या ताटातली बर्फी तिच्या ताटात वाढत. किती माया, असं शेजारणी म्हणत. माया होतीही. सुनीतीची आई केडगावला वारली तेव्हा सुनीती नगरला माईंना पेज भरवत होती.

"भाऊजी," ती आता म्हणाली, "बाजरी झाली की ते परत येतील. गोजरबाई स्वतः म्हणतात."

"म्हणतात."

"पोरीबिरीचं त्यांच्या मनात आता काही नाही."

"नसेल." त्याने बंडी घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "वहिनी, तो तिकडे आजारी पडला तर मला कळवावं असं कुणाला सुचेल का? त्याच्या बहिणीचा त्याच्यावर हक्क आहे. या जमिनीवर दादाचा हक्क आहे. माझा कशावर आहे? मी त्याचा कोण, हे मला कुणीतरी सांगावं. मी खाटेवर पडून ते शोधत बसतो आणि मला खरंच भूक लागत नाही हो. मी मुद्दाम करत नाही."

याचं उत्तर सुनीतीपाशी होतं. ते तिच्या जिभेवर आलं आणि तिथेच बसून राहिलं, घरातल्या सगळ्यांच्या जिभेवर ते इतकी वर्षं बसलेलं होतं तसंच.

"चला, पानं मांडलीत," ती म्हणाली.

तो आला. पंगतीला तो नेहमी येई. प्रश्न पुढचा होता. कारण या घरात आप्पांनी घालून दिलेला एक नियम होता: पहिला घास सगळ्यांचा एकदम. ओळीतल्या एकाचाही हात पानाबाहेर असेल तर कुणी घास उचलायचा नाही. आप्पांनी तो काढला होता माईंसाठी. मुलं समोर भुकेली बसलेली बघून तरी ही बाई जेवेल, असा त्यांचा हिशेब. तो पार उलटा बसला. एकट्या आप्पांना धरून ठेवणाऱ्या माईंच्या हाती त्यांनी आख्खी पंगत दिली. पण वडिलांचा नियम म्हणून विष्णुपंतांनी तो अजून पाळला होता, आणि शामकांतनेही.

पळसाच्या पत्रावळ्या, द्रोणात आमरस, टम्म फुगलेल्या पुऱ्या, कुरडया, कैरीची डाळ. विष्णुपंत टोकाला, मग शामकांत, त्याच्या शेजारी गहिनीनाथ, पुढे गोजरबाई, लीना, आणि उठबस करायला सोपं म्हणून कडेला सुनीती. विष्णुपंतांनी पानाभोवती पाणी फिरवलं, ओळीवर नजर टाकली आणि ती भावाच्या मांडीवर ठेवलेल्या हातांवर अडकली.

"शाम."

"तुम्ही सुरू करा, दादा. मी बसतो ना तुमच्याबरोबर."

"सुरू कसं करू?"

रसावर एक माशी आली. लीनाने ती हाकलली, ती गोजरबाईच्या पानाकडे गेली.

"आमच्यात भुकेल्या मान्साला वाढून बसवून ठिवत न्हाईत," गोजरबाई पुरीकडे बघत म्हणाली. "निस्तं बसवून ठिवत्यात. वाढत न्हाईत."

लीना फसकन हसली आणि वडिलांच्या नजरेने गप्प झाली.

विष्णुपंतांनी घसा साफ केला. रस कोमट होऊ लागला की त्यांचा आवाज कोर्टातला होई. "हे बघा, शेतीच्याच दृष्टीने विचार केला तर गहिनीनाथने आत्ता जाणं बरं नव्हे. मृग बहारासाठी पाणी तोडून बाग ताणावर ठेवली आहे. पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं, हे बघायला जाणतं माणूस हवं. गोजरबाईंना आपण इथून दुसरा एखादा गडी देऊ."

"बाबा, बागेला ताण दिला की फूल येतं," लीना म्हणाली. ती फर्ग्युसनला जाणार होती आणि त्याची तयारी म्हणून घरात सगळ्यांना उत्तरं देत होती. "गहिनीकाकांना दिला की काय येतं?"

"तू वाढ, बोलू नकोस."

"वाढलंय सगळं. खातंय कोण?"

गहिनीनाथ इतका वेळ आपल्या पानाकडे बघत होता. आता तो शामकांतकडे वळला. त्याचा तो पाटापलीकडे जाणारा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"मास्तर, जेवा की."

"तू जेव. तुला पित्त होतं."

"तुमी जेवल्याबिगर माज्या घशाखाली उतरत न्हाई. ठावं हाय ना तुमाला?"

"मी तुला जा म्हणालोय, गहिनी. आनंदाने जा. मी कुठे अडवतोय?"

गहिनीनाथने बहिणीकडे पाहिलं, मग मोसंबीच्या झाडांकडे, मग मास्तरच्या गालांच्या खोबण्यांकडे. शेवटची नजर जास्त वेळ टिकली.

"बरं," तो म्हणाला. "न्हाई जात म्या. आक्का, तू दुसरं कुनीतरी बग."

"शाब्बास," विष्णुपंत म्हणाले आणि त्यांची बोटं रसाच्या द्रोणाशी गेली. ओळीभर कसा एकदम वारा सुटल्यासारखा झाला. लीनाने सुद्धा सुस्कारा सोडला. शामकांतने पुरीचा तुकडा मोडला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. आपल्या द्रोणातला रस त्याने गहिनीनाथच्या द्रोणात ओतला, अर्ध्याहून जास्त, एक थेंब बाहेर न सांडता. गहिनीनाथने मुकाट्याने मान हलवली. गोजरबाईने पदराने हात पुसले, जेवायच्या आधीच.

तो ओतलेला रस सुनीतीने पाहिला, आणि तिच्या जिभेवर जुन्या बर्फीची चव आली.

"भाऊजी, घास खाली ठेवा."

आवाज तिचाच होता. ओळीतल्या सगळ्यांना तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. विष्णुपंतांची बोटं द्रोणातच राहिली.

"अगं, मिटलं ना आता," ते म्हणाले. "जेवू दे त्याला. किती मुश्किलीने..."

"मिटलं नाही. केडगावला जायचं माझंही असंच मिटायचं."

विष्णुपंतांनी बोटं काढून घेतली आणि ती पुसायचं विसरले.

"माईंचे ते उपास देवासाठी नव्हते," सुनीती म्हणाली. तिला वाटत होतं त्यापेक्षा हे सोपं जात होतं. "सगळे नव्हते. तुम्हाला हे माहीत होतं, भाऊजींना माहीत होतं, आणि त्यांना पेज भरवताना मलाही माहीत होतं. आपण तिघांनी त्याला व्रत म्हटलं."

"वहिनी," शामकांत हळूच म्हणाला, "मी त्याला जाऊ नकोस असं एकदाही म्हटलेलं नाही."

"माईही कधी म्हणाल्या नाहीत."

शामकांतने घास पानावर ठेवला. त्याच्या द्रोणातला उरलेला रस पानावर सांडला. गहिनीनाथ अर्धवट उठला, "वैनी, जाऊ द्या, त्येंची तब्येत..." म्हणत, आणि गोजरबाईने त्याच्या धोतराचा सोगा धरून त्याला खाली बसवला.

"मी माईंसारखा आहे, असं म्हणता?" शामकांतने विचारलं.

"आहात. त्या मायाळू होत्या, तुम्हीही आहात. म्हणूनच सांगतेय, नाहीतर गूळ ढवळत बसले असते." सुनीतीने त्याच्याकडे नीट पाहिलं. चष्म्याआड लहानपणीचाच मुलगा होता, आईच्या उपाशी तोंडाकडे बघत पंगतीत बसलेला. तिचा स्वर आपोआप उतरला. "मघा विहिरीपाशी तुम्ही विचारलंत, मी त्याचा कोण. मी पानं मांडल्याचं सांगितलं. इतकी वर्षं आम्ही सगळे हेच करतोय. पहिल्यांदा गडी म्हणालो त्यांना. मग भागीदार म्हणालो. लीनाला सांगायची वेळ आली तेव्हा काकांचे स्नेही म्हणालो. नाव दिलं नाही म्हणून तुम्हाला हक्क सापडला नाही, आणि हक्क सापडला नाही म्हणून तुम्ही उपाशी राहून त्यांना धरून बसलात."

"सुनीती," विष्णुपंत म्हणाले. थांब असं त्यांना म्हणायचं होतं. पण म्हणताना त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि तो शब्द त्यांच्यापाशीच राहिला.

"हा संसार आहे, भाऊजी. तुमचा आणि गहिनीनाथांचा. माझा आणि ह्यांचा आहे ना, तसाच. तुम्ही बंडीच्या गुंड्या लावता, ते कंदिलाची वात सारतात, दोघं एकमेकांवाचून जेवत नाहीत. आणखी काय असतं संसारात? आणि संसार म्हटला की माणसाला माहेरही आलंच. गोजरबाई त्यांना माहेरी न्यायला आल्यात. आज पोटभर जेवा, त्यांना हसून वाटेला लावा, आणि बाजरी घरात आली की गाडी जोडून तुम्ही स्वतः जा. आपलं माणूस आणायला जातात तसे जा."

शामकांतने गहिनीनाथकडे पाहिलं, "बाजरी झाली की मी येतो न्यायला," म्हणत घास उचलला, आणि ओळीतले सगळे हात एकदम पानांकडे गेले.